बिनबटणांची शेगडी

मुलाने शेगडीची बटणं काढून नेली तेव्हा मिस्त्रीण अंघोळ करत होती. तिच्या डोळ्यांदेखत न्यायची त्याची छाती नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. केस पुसत ती स्वयंपाकघरात आली, चहाचं आधण ठेवायला हात पुढे केला, तर बटणांच्या जागी दोन बोडक्या दांड्या. शेजारी ओट्यावर एक नवीकोरी विजेची किटली, पांढरी, गुबगुबीत, तोंड पुढे काढून बसलेली. मिस्त्रिणीला ती बघताक्षणीच आवडली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, रागावू नकोस," मुलगा म्हणाला. आवाज सगळा नाकातून येत होता, सर्दीने पार धरलं होतं त्याला. "बटणं माझ्याकडे आहेत."

"तुझ्याकडे म्हणजे कुठे?"

"बॅगेत."

"माझ्या शेगडीची बटणं तुझ्या ऑफिसच्या बॅगेत काय करतात? त्यांना नोकरी लागली का?"

"आई, प्लीज. किटलीत चहा होतो. जेवणाचा डबा तुझी सून आणून देईल. रविवारपर्यंतचाच तर प्रश्न आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान उचलू, मग तू आमच्याकडेच."

"मी येते असं कधी म्हणाले?"

"आई, तुझा आवाज तुटतोय."

आवाज काही तुटत नव्हता. मुलाने फोन ठेवला होता.

आता खरं सांगायचं तर मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं. हात दुखतात आणि उशी आपली जिथल्या तिथे.

आणि काळजीला कारणही होतं. गेल्या थंडीत मिस्त्रिणीला ताप आला. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणता म्हणता उन्हाळा सरला, पुन्हा थंडी पडली, वासाचा काही पत्ता नाही. नाक जागेवर होतं, नाकावरचा रागही जागेवर होता, फक्त वास तेवढा नव्हता. मग गेल्या महिन्यात दूध उतू गेलं. शेगडीवर दूध ठेवून ती पलीकडच्या खोलीत एक चामडं शिवायचं जाड मशीन चालवून बघत होती. त्या मशीनचा आवाज म्हणजे पत्र्यावर दगड पडावेत तसा. दूध वर आलं, ओसंडलं, जाळ विझला आणि गॅस तसाच येत राहिला. मुलगा सहज म्हणून भेटायला आलेला, त्याला जिन्यातच वास आला. तो धावत वर आला तेव्हा त्याची आई शांतपणे मशीनमध्ये तेल सोडत बसली होती.

चूक तिची होती. ती तिने लगेच कबूल केली, आणि कबूल करणं हा काही तिचा नेहमीचा उद्योग नव्हे. त्या दिवसापासून तिने स्वतःलाच दम भरला होता: शेगडी पेटलेली असेल तर मशीन बंद. स्टूल घ्यायचं, शेगडीसमोर बसायचं, उतरवेपर्यंत उठायचं नाही. दाराची बेल वाजली तर आधी गॅस बंद, मग दार. हे तिने मुलाला सांगितलंही. पण मुलाच्या डोक्यात त्या दिवशीचा जिना बसला होता आणि एकदा भीती बसली की शब्दांना उभं राहायला जागा उरत नाही.

तिला सगळे मिस्त्रीण म्हणत ते तिच्या नवऱ्यामुळे, असं लोकांना वाटायचं. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा, हे खरं. पण त्याच्या हयातीतही बिघडलेलं मशीन आलं की तो चाक फिरवायचा आणि हिला हाक मारायचा, "ऐक गं जरा." ही कान द्यायची आणि सांगायची, शटल घासतंय, नाहीतर पट्टा ढिला आहे. तो गेल्यावर दुकान तिच्या हातात आलं आणि कोणालाच वेगळं काही वाटलं नाही. खाली रस्त्यावर दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सकाळी जिना उतरला की कामावर, संध्याकाळी चढला की घरी. मुलाच्या घरी गेली तर हा जिना संपला, आणि जिन्याबरोबर दुकान संपलं. मुलगा म्हणायचा, "अगं, तिकडे नुसतं बसून राहा की आता." त्याला वाटायचं, तो तिला सुख देतोय.

तिच्या दृष्टीने सगळं त्या दोन बटणांवर आलं होतं. ज्या बाईला स्वतःच्या घरात पाणी तापवता येत नाही, ती बाई त्या घरात पाहुणी. आणि पाहुण्याला घ्यायला टेम्पो आला तर त्यात चढावंच लागतं.

दुपारी कोपऱ्यावरची शिंपीण मशीनचं डोकं काखोटीला मारून आली. शिंकतच आली. गल्लीत त्या आठवड्यात सर्दीने नुसता धुमाकूळ घातला होता. दुधवाला शिंकत होता, पोस्टमन शिंकत होता, समोरच्या घरातला म्हातारा तर असा शिंकायचा की खिडक्यांची तावदानं थरथरत.

"मिस्त्रीणबाई, यंदा कडक नाही का?" शिंपिणीने बसल्याबसल्या विचारलं.

कडक म्हणजे संत्र्याचं गरम पेय. आलं, लवंग, दालचिनी, मिरी पाण्यात उकळायची, त्यात संत्र्याची साल, साखर, आणि जाळ बंद केल्यावर संत्र्याचा आणि लिंबाचा रस. मिस्त्रीण लग्न होऊन आली तेव्हा याला काढा म्हणायची. काढा म्हटलं की सगळे तोंड वाकडं करत. मग नवऱ्याने त्याचं नाव कडक ठेवलं, आणि तेच लोक दोन-दोन पेले मागू लागले. माणसाची जात अशी. थंडीत गल्लीला सर्दी झाली की वरून किटली भरून खाली यायची आणि गिऱ्हाइकं मशीन राहू दे, आधी कडक द्या म्हणायची.

"कडक कशावर करू? पोरगा बटणं घेऊन गेलाय," मिस्त्रीण म्हणाली.

"कळलं मला."

"तुला कसं कळलं?"

"तोच सांगत होता. म्हणाला, मावशी, आईवर जरा लक्ष ठेवा रविवारपर्यंत." शिंपिणीने नाक पुसलं. "अगं, जीव आहे त्याचा तुझ्यावर. एवढं काय मनाला लावून घेतेस? मी देत जाईन रोज डबा. तुझी सून देईल. आयतं खायला मिळतंय तर खा की गप."

"तुझा मुलगा उद्या तुझी कात्री घेऊन गेला तर?"

"कशाला नेईल?"

"बोट कापेल म्हणून. आणि म्हणेल, आई, तयार कपडे मिळतात दुकानात, ते घाल."

कात्रीचं नाव काढल्यावर शिंपिणीचा हात आपोआप पिशवीकडे गेला, तो मिस्त्रिणीने पाहिला.

"बघ," मिस्त्रीण म्हणाली, "दिसत नाही त्याला चष्मा देतात. ऐकू येत नाही त्याला कानात यंत्र देतात. मला वास येत नाही तर माझी शेगडीच काढून घेतली. हा कुठला न्याय?"

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात," शिंपीण म्हणाली, "तुझं तर नाक बंद आहे तरी तोंड चालूच." आणि दोघीही हसल्या. हसता हसता शिंपिणीला खोकल्याची उबळ आली.

ती गेल्यावर मिस्त्रिणीने मशीनचं डोकं उघडलं. आतल्या एका स्क्रूचा माथा झिजून गुळगुळीत झाला होता, पेचकस बसेना. असं झालं की ती काय करते? पक्कड घेते, माथा बाजूने पकडते आणि फिरवते. तिने पक्कड घेतली, माथा पकडला, फिरवला. स्क्रू निघाला. मग ती हातातल्या पकडीकडे बघत बसली.

आणि मग स्वतःवरच चिडली. इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि दोन बोडक्या दांड्या बघून हातपाय गाळून बसलो होतो आपण!

ती जिना चढून वर गेली. पकडीने दांडी धरली, आत दाबली, फिरवली, काडी लावली. निळा जाळ भस्सकन वर आला. मिस्त्रिणीने चहा केला, स्टुलावर बसून केला, नजर हलवली नाही, आणि पकडीने गॅस बंद करून मग प्यायली. तिच्या जिभेला चहाचा गोडवा आणि तुरटपणा तेवढा कळला, बाकी काही नाही. पण हा चहा तिला वर्षभरातला सगळ्यात चांगला चहा वाटला.

गप्प बसली असती तर रविवारपर्यंत असंच चाललं असतं, कोणाला कळलंही नसतं. पण दुसऱ्या घोटालाच तिला ते रुचेना. आपल्याच घरात, आपल्याच शेगडीवर, चोरून चहा? चोरी त्याने केली आणि लपायचं आपण? तिने ठरवलं, रविवारी टेम्पो येऊ दे. मुलाला येऊ दे, सुनेला येऊ दे. त्यांच्यासमोर, बिनबटणांच्या शेगडीवर, कडक करायचं. मग बघू कोण कोणाला उचलून नेतं.

शनिवारी ती संत्री आणायला गेली. फळवाल्याने सवयीने एक संत्रं तिच्या नाकाशी धरलं. "वास तर बघा, मावशी."

"वास राहू दे. हातात दे."

ती वजन बघायची. साल पातळ, फळ जड, देठाशी दाबलं तर किंचित दबणारं. फळवाला कंटाळला तरी तिने सगळा ढीग चाचपला. घरी येऊन एक संत्रं तिने सोललं. साल फाटताना तेलाचा फवारा उडतो तो बोटांवर गार लागला, डोळ्यांत जरा चुरचुरला. तो तिथे होता, फक्त तिच्यापर्यंत येत नव्हता. गेल्या थंडीत पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडली होती. रबरी चेंडू सोलावा तसं वाटलं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून कोणाला कळणार होतं? लोक म्हणाले असते, बाई, वासाचं काय एवढं, हातपाय तर धड आहेत ना.

पण ती नुसती रडत बसली नव्हती. वर्षभर ती कडक पुन्हा शिकत होती, कोणाच्या नकळत. पूर्वी सगळं नाकावर चालायचं, आता कान आणि बोटं लावली. पहिल्यांदा कडू झालं, साल जाड निघाली होती. दुसऱ्यांदा लवंग करपली आणि तिला कळलंच नाही, शिंपिणीने एक घोट घेऊन "औषध आहे का गं?" विचारलं तेव्हा कळलं. सगळं मोरीत ओतलं. मग पुन्हा केलं. मशीन शिकायला तिला याहून जास्त वेळ लागला होता.

रविवारी सकाळी खाली टेम्पो थांबला तेव्हा तिने स्टूल शेगडीसमोर ओढलं आणि कोरड्या तव्यात लवंगा टाकल्या. लवंग तापली की फुगते आणि बारीक तडतडते. त्याआधी उतरवली तर मुकी, नंतर उतरवली तर जळकी. जिन्यावर पावलं वाजत होती, तरी तिचा कान तव्यावरच होता. तडतड झाली, तिने तवा उतरवला. लवंग, दालचिनी, मिरी खलात घालून ती कुटायला लागली आणि त्याच ठेक्यात मुलगा दारात उभा राहिला.

"आई! गॅस चालू आहे?"

"चालू आहे म्हणूनच तर लवंगा भाजल्या ना."

"बटणं तर माझ्याकडे..." त्याला पक्कड दिसली. "आई, तू पकडीने गॅस लावलास? वेडबीड लागलंय का तुला?"

त्याच्या मागून सून आली, हातात घडी केलेली रिकामी खोकी. तिचं नाक लाल, डोळे पाणावलेले, गळ्याभोवती मफलर. दोघांची अवस्था सारखीच होती. एक शिंकला की दुसरी शिंकायची, जुगलबंदी चालली होती.

"या, बसा," मिस्त्रीण म्हणाली. "कडक करतेय. तुम्हाला गरज दिसते."

"आई, आम्ही प्यायला नाही आलो. टेम्पोवाला खाली थांबलाय."

"थांबू दे. त्यालाही देऊ."

तिने संत्र्याची साल काढायला घेतली. सुरी अशी आडवी धरायची की वरचं केशरी तेवढंच निघावं. प्रत्येक सालीच्या आतून ती बोट फिरवायची. कापसासारखं मऊ लागलं म्हणजे पांढरं आलं, तेवढं खरवडून टाकायचं. तेलकट लागलं म्हणजे ठीक. मुलगा बघत होता आणि त्याचा धीर सुटत चालला होता. तिने पातेल्यात बेताचं पाणी घेतलं, मसाला, आलं, साल, साखर घातली आणि मंद जाळावर ठेवलं. मग हात मांडीवर ठेवून बसली.

"हे बघ आई," मुलगा म्हणाला, "मी शेवटचं समजावून सांगतो."

"शेवटचं असेल तर सांग."

"त्या दिवशी मी आलो नसतो तर काय झालं असतं, विचार केलायस?"

"रोज करते," मिस्त्रीण सरळ म्हणाली. "म्हणून इथे बसते. उठत नाही. तुला सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस."

"माणूस विसरतो, आई. बाजूला हो बरं, मी करतो ते. कडकच करायचंय ना? मी करतो, पिऊ, आणि निघू. ऊठ."

"मी उठणार नाही."

"आई, ऊठ!" तो ओरडला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर असा ओरडला नव्हता. सूनही दचकली. मिस्त्रीण त्याच्याकडे बघत राहिली. मग ती उठली, पक्कड त्याच्या हातात दिली आणि स्टूल घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.

"कर," ती म्हणाली.

त्याने पातेल्यात डोकावलं. "एवढंसंच? सगळ्यांना कसं पुरणार?" तांब्याभर पाणी आणखी ओतलं, पातेलं काठोकाठ भरलं. पकडीने दांडी फिरवून जाळ मोठा केला. वर घट्ट झाकण ठेवलं. आणि हात झटकत, मोठं काम उरकल्यासारखा, तो पलीकडच्या खोलीत जाऊन खोकी उघडायला लागला. सून त्याच्यामागे गेली. तिथून त्याचं बोलणं चालूच होतं.

"आमच्याकडे सगळं सोयीचं आहे. खिडकीत ऊन येतं. आणि मुख्य म्हणजे सुरक्षित. सुरक्षितपणा महत्त्वाचा, आई. गॅस म्हणजे काय खेळ आहे का? एक क्षण दुर्लक्ष झालं की..."

मिस्त्रीण ऐकत होती. मुलाचं नव्हे, पातेल्याचं. पाणी आधी कुजबुजलं. मग आवाज जाड झाला. झाकण एकदा खडखडलं, दोनदा खडखडलं. ती स्टुलावरून अर्धी उठली आणि मुद्दाम पुन्हा बसली. म्हटलं बघू, हा येतो का. झाकण वर उचललं गेलं, पाणी चारी बाजूंनी खाली आलं, चर्र झालं, आणि पाठोपाठ सगळं गप्प. त्या शांततेत एक बारीक, लांबलचक सुस्कारा. मुलगा "एक क्षण दुर्लक्ष झालं की" च्या पुढे गेला होता आणि खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"ऐक," मिस्त्रीण म्हणाली.

"तेच सांगतोय, तूच ऐक..."

"गप्प बस आणि ऐक म्हणते ना!"

ती बोलता बोलताच शेगडीशी पोचली होती. पक्कड उचलली, दांडी फिरवली. सुस्कारा थांबला. मग तिने खिडकी सताड उघडली, दुसरी उघडली, दार उघडलं. बोचरा वारा घरभर घुसला. मुलगा आणि सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. विझलेला जाळ, ओला ओटा, शेगडीवरून ठिबकणारं तपकिरी पाणी. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मला वास नाही आला," सून हळूच म्हणाली. तिने नाक ओढून पाहिलं. "अजूनही येत नाहीये." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

मुलाने नकारार्थी मान हलवली. त्याच्या हातात चिकटपट्टी तशीच होती आणि ती त्याच्याच बाहीला चिकटली होती.

तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी दणादणा वर आलं. टेम्पोवाला. "ओ, गॅसचा वास येतोय जिन्यात! काय झालं?"

"झालं, आणि बंदही झालं," मिस्त्रीण म्हणाली. "ये, आत ये. या घरात सध्या तुझंच एकट्याचं नाक चालतंय. इथेच उभा राहा आणि वास गेला की सांग."

टेम्पोवाल्याला काय प्रकार आहे ते कळेना, पण त्या बाईच्या आवाजात असं काही होतं की तो मुकाट्याने उभा राहिला. सगळेच उभे राहिले, कुडकुडत. मुलगा ओट्यावरचं पाणी पुसायला लागला, ते काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने टेम्पोवाल्याने इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं, शेगडीवर वाकून हुंगलं आणि म्हणाला, "गेला."

"नक्की?"

"नक्की, मावशी."

मग मिस्त्रिणीने स्टूल परत शेगडीसमोर आणलं. पातेल्यातलं जास्तीचं पाणी काढून टाकलं, राहिलेल्यात पुन्हा मसाला आणि साल घातली, काडी लावली. कोणी अडवलं नाही. पाण्याचा आवाज बारीक झाला, मग जाड झाला, मग एकसारखा झाला. तिने गॅस बंद केला, संत्र्यांचा रस आणि एका लिंबाचा रस ओतला, मीठ चिमटीभर टाकलं, गाळलं. पेले भरले.

टेम्पोवाल्याने पेला तोंडाशी नेला आणि प्यायच्या आधीच थांबला. डोळे मिटले. "अहाहा! काय वास आहे हो! संत्र्याच्या बागेत उभं केलंत."

मिस्त्रिणीने त्याच्याकडे पाहिलं. वर्षभर तिला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिने कोणाला विचारलं नव्हतं. जमलं होतं. तिने तोंड वळवलं आणि उगीचच पातेलं आवरलं.

मुलाने एक घोट घेतला. मग दुसरा. पेल्यात बघितलं, पुन्हा घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला. "आंबट आहे, गोड आहे. घशात मिरी लागतेय. पण संत्र्याचं..." तो थांबला. "संत्र्याचं काहीच लागत नाही गं. मधलं सगळं गायब आहे."

"हं," मिस्त्रीण म्हणाली.

तो पेल्यातून वाफ ओढायचा प्रयत्न करत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"आई, तुला रोज असंच लागतं?"

"रोज."

"सगळंच?"

"सगळंच. तू लहान होतास तेव्हाचं तुझं टोपडं आहे माझ्या कपाटात. त्याचासुद्धा वास येत नाही."

"तू बोलली नाहीस कधी."

"गॅस बंद केला का, हे तू रोज विचारायचास. औषध घेतलं का विचारायचास. हे कधी विचारलंस?"

मुलाने पेला खाली ठेवला. सुनेने त्याच्या बाहीची चिकटपट्टी सोडवली. खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पो बाजूला घ्या म्हणून ओरडत होतं आणि टेम्पोवाला म्हणाला, "ओरडू दे," आणि दुसरा पेला पुढे केला.

मिस्त्रिणीने हात पसरला. तळवा वर.

मुलाने बॅग उघडली, कप्प्यात हात घातला आणि दोन्ही बटणं तिच्या हातावर ठेवली. तिने ती दांड्यांवर बसवली, एकेक फिरवून बघितलं. पकडीने एक दांडी जरा खरवडली गेली होती. तिने खालून कानस आणली, दोन हात मारले आणि बटण पुन्हा बसवलं. ते खट्कन बसलं.

"गॅस गळला की वाजतो तो भोंगा मिळतो," ती म्हणाली. "तो आणून लाव इथे, आजच. मी काही मरायला टपलेली नाही. भोंगा मी लावून घेईन, काठी लागली तर काठी घेईन. पण घर सोडणार नाही आणि दुकानही सोडणार नाही. खोकी घेऊन जा."

"लावतो," मुलगा म्हणाला. "आणि आई, मी रोज संध्याकाळी येऊन बघून जात जाईन."

"बघायला येणार असशील तर येऊ नकोस. प्यायला येणार असशील तर दार उघडं आहे."

तो हसला. पण मिस्त्रिणीचा हात परत पसरलेला होता.

"आता काय?"

"तुमच्या घरची."

"काय आमच्या घरची?"

"बटणं. दोघांचीही नाकं बंद आहेत, आणि झाकण ठेवून उठून जायची सवय तुला आहेच. सर्दी जाईपर्यंत ती माझ्याकडे राहतील. किटली घेऊन जा, चहा होतो त्यात."

मुलाला वाटलं आई थट्टा करतेय. त्याने बायकोकडे पाहिलं. सुनेने मफलर नीट केला, रिकामी खोकी टेम्पोवाल्याच्या हातात दिली आणि ओट्यावरची पांढरी किटली उचलली.

"संध्याकाळी बटणं आणून देते, आई," ती म्हणाली.

आणि तिने खरंच आणून दिली, रुमालात बांधून. मिस्त्रिणीने ती सुयांच्या डबीशेजारी ठेवली. पक्कड मात्र तिने परत खाली दुकानात नेली नाही. शेगडीच्या वर एक खिळा ठोकला आणि तिथे टांगून ठेवली. मुलगा कडक प्यायला बसतो तिथून ती समोरच दिसते.